‘पुरे’ म्हणणारे प्रथिन

नसरापूरकडे भात कापताना बोटाला विळा लागतोच. पण जखम भरते आणि नवे मांस जिथल्या तिथे थांबते. पेशींना ‘पुरे’ म्हणतो कोण, ते पाहा.

पेशीत मिक, मॅक्स आणि मॅड या एकाच कुळातल्या प्रथिनांच्या भावक्या आहेत. मिक मॅक्सशी जोडी जमवतो आणि जनुकांना वाढीचा हुकूम सोडतो. मॅडने मॅक्सला गाठले, की तीच जनुके गप्प. मॅक्स बिचारा दोघांचाही! कर्करोगाच्या पुष्कळ गाठींत मिक बेसुमार झालेला आढळतो. मग ‘पुरे’ ऐकतो कोण?

तंबाखूच्या मिश्रीने जनुकांनाच इजा होते. तेव्हा गुरुजी, तोंडातली जखम तीन आठवडे भरली नाही, तर त्या माणसाला डॉक्टरकडे धाडाच.