सांधा खणखणीत आहे ना?

बाजारातून माठ आणताना तो बोटाने वाजवून घेण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. चांदीचा रुपया चलनात होता, तेव्हा त्याचाही नाद ऐकून खरेखोटे ठरविले जाई. वस्तू न फोडता तिच्या अंतरंगाची खात्री करून घेण्याच्या या युक्तीला आधुनिक उद्योगात अविध्वंसक चाचणी म्हणतात. मोटारनिर्मितीतील चिकटविलेल्या सांध्यांसाठी ती आज अत्यंत महत्त्वाची ठरली आहे.

वेल्डिंगच्या जोडीला चिकटद्रव्य

मोटारीचा कारखाना म्हटला की वेल्डिंगच्या ठिणग्या डोळ्यांसमोर येतात. तथापि ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर यांना एकमेकांशी नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही. शिवाय वेल्डिंगचा ताण ठिपक्याठिपक्यांवर येतो, तर चिकटद्रव्य तो संपूर्ण सांध्यावर पसरविते. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस या ब्रिटिश मोटारीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा इपॉक्सीने चिकटविलेला होता. त्याचे वजन अवघे ६८ किलो होते. २००३ च्या जग्वार एक्सजेमध्ये रिव्हेट आणि इपॉक्सी यांची जोडी वापरली गेली. ही कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. आपल्या साध्या मोटारीतही समोरची काच पॉलियुरेथेनने चिकटविलेली असते. अनेक गाड्यांत अपघातसमयी फुगणारी एअरबॅग याच काचेचा आधार घेते. सांधा सुटला तर काच निखळते आणि एअरबॅगचा आधारही जातो.

ध्वनी आणि उष्णतेची साक्ष

तपासणीचा आरंभ चिकटद्रव्य लावतानाच होतो. रोबो त्याची धार सोडत असताना कॅमेरा तिची रुंदी व सलगता पाहत असतो. सांधा मिटल्यानंतर मात्र आत डोकावता येत नाही. तेव्हा श्रवणातीत ध्वनी उपयोगी पडतो. मानवी कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. येथे लक्षावधी कंपनांचा ध्वनी वापरतात. तपासनीस पत्र्यावर जेल लावून त्यावर लहानसा प्रोब टेकवितो. पत्र्याखाली पोकळी असेल, तर जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो व पत्र्यात बराच वेळ घुमत राहतो. चिकटद्रव्य नीट बसले असेल, तर काही ध्वनी त्यात शिरतो आणि प्रतिध्वनी लवकर विरतात.

दुसरी पद्धत उष्णतेची. पत्रा क्षणभर तापवून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिला जातो. पोकळीच्या जागी उष्णता आत झिरपत नाही, म्हणून तो भाग अधिक काळ उबदार दिसतो.

चाचणीची मर्यादा

परंतु या चाचण्यांना एक दोष सहसा सापडत नाही. पत्र्यावर तेलाचा अंश किंवा ओलावा राहिला, तर चिकटद्रव्य पत्र्याला टेकते, पण धरून ठेवीत नाही. अशा सांध्याला ‘किसिंग बाँड’ म्हणतात. ध्वनी त्यातून बहुधा पार होतो आणि पडद्यावर सांधा निर्दोष दिसतो. चिकटद्रव्य तेथे आहे, एवढे चाचणी सांगते. ते किती भार पेलेल, हे खात्रीने सांगत नाही.

म्हणूनच आयएसओ ९००१ चे तत्त्व असे की, ज्या कामाचा निकाल नंतर पूर्णपणे पडताळता येत नाही, त्याची प्रक्रियाच आधी सिद्ध करून घ्यावी. जर्मनीच्या २०१६ मधील डीआयएन २३०४ या मानकाने, सांधा निकामी झाल्यास उद्भवणाऱ्या धोक्यानुसार सांध्यांचे चार वर्ग केले. पृष्ठभागाची स्वच्छता, तापमान, आर्द्रता, सुकण्याचा अवधी आणि कामगाराचे प्रशिक्षण यांवर येथे सारी भिस्त असते. जोडीला काही नमुने मुद्दाम फाडूनही पाहिले जातात.

बँकव्यवहाराशी परिचित वाचकांना हे तत्त्व नवे नाही. हप्ते वेळेवर येत आहेत की नाहीत, हे कर्जखात्याच्या तपासणीत कळते; पण ते कर्ज अडचणीच्या काळात तग धरील का, हे बऱ्याच अंशी मंजुरीपूर्वीच्या छाननीतच ठरलेले असते.

आपल्या मोटारीची काच बदलण्याची वेळ आली, तर हे अवश्य लक्षात ठेवावे. तेथे ध्वनीचे यंत्र घेऊन सहसा कोणी येत नाही. जुना थर व धूळ नीट काढली का, हे विचारावे आणि चिकटद्रव्य पक्के होण्यास सांगितलेला अवधी पूर्ण झाल्याविना गाडी रस्त्यावर आणू नये.