मूत्रपिंडाच्या गाळणीतील एक धागा निखळतो तेव्हा...

प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडते. उरलेले पाणी व क्षार शरीर परत शोषून घेते. रक्तातील अल्ब्युमिनसारखी प्रथिने मात्र रक्तातच अडवली जातात. ही राखण करण्यात ‘पोडोसाइट’ या पेशींचा वाटा मोठा आहे.

गाळणीतील केशवाहिन्यांना या पेशी बाहेरून वेढतात. दोन्ही हातांची बोटे गुंफावीत, तसे शेजारशेजारच्या पेशींचे सूक्ष्म पाय एकमेकांत गुंफलेले असतात. त्यांच्यामधील अरुंद फटीवर प्रथिनांचा नाजूक पडदा असतो, तर पायांचा आकार पेशीच्या आतील ॲक्टिन तंतूंचा सांगाडा सांभाळतो.

फिनलंडमध्ये तुलनेने अधिक आढळणाऱ्या एका जन्मजात मूत्रपिंडविकाराचा शोध घेताना १९९८ मध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाला त्याचे जनुक सापडले. त्यावरून घडणाऱ्या प्रथिनाला ‘नेफ्रिन’ हे नाव मिळाले. फटीवरचा पडदा विणला जातो तो प्रामुख्याने याच धाग्याने.

नेफ्रिनचे काम तेवढ्यावर संपत नाही. त्याचे एक टोक पेशीच्या आत असते आणि ‘एनसीके’ या दुवा प्रथिनांमार्फत ते ॲक्टिनच्या सांगाड्याशी जोडलेले असते. पोडोसाइटमधील हा दुवा काढून टाकलेल्या उंदरांत पाय नीट घडलेच नाहीत आणि लघवीतून प्रथिने वाहू लागली, असे २००६ मध्ये दिसून आले. उलट बाजूनेही हेच घडते: ॲक्टिनची जुळणी करणाऱ्या ‘अल्फा-ॲक्टिनिन-४’च्या जनुकातील बिघाडानेही गाळणी गळू लागते. म्हणजे पडदा आणि सांगाडा ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत.

नेफ्रिनचे जनुक निकामी झालेल्या बाळाची प्रथिने गर्भातच वाहून जाऊ लागतात. जन्मानंतर अंगावर सूज चढते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दोष प्रतिकारशक्तीचा नसून रचनेचाच असल्याने स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. अखेर मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाच मार्ग उरतो.

म्हणूनच अशा अर्भकाची जनुकीय तपासणी मोलाची ठरते. निष्फळ औषधांचा मारा तीमुळे टळतो. आईवडील दोघेही निरोगी असून सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात हा विकार उद्भवण्याची शक्यता २५ टक्के असते. पुढच्या अपत्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला ही माहिती वेळेवर मिळणे अगत्याचे आहे.