भाऊ, भाई आणि बेडी

मुंबईच्या बोलीत ‘भाई’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घरातला भाऊ, दुसरा टोळीचा म्होरक्या. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत तसाच शब्द आहे, ‘दाय लो’. थोरला भाऊही दाय लो आणि टोळीचा नायकही दाय लो. एकाच शब्दातल्या या दोन माणसांचं भांडण म्हणजे जॉन वू यांचा १९८६ सालचा चित्रपट ‘अ बेटर टुमॉरो’.

हो आणि मार्क हे जिवलग मित्र बनावट डॉलरच्या धंद्यात आहेत. होचा धाकटा भाऊ किट पोलिसात जातो आहे. थोरल्याचा धंदा त्याला ठाऊक नाही. तैवानमधल्या एका व्यवहारात दगा होतो. शिंग या नवख्या साथीदाराला निसटता यावं म्हणून हो स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. त्याने तोंड उघडू नये म्हणून टोळीचा माणूस त्याच्या घरी येतो आणि त्यात म्हातारे वडील जिवाला मुकतात. भावाला क्षमा कर, असं ते मरताना किटला विनवतात. मार्क दग्याचा सूड घेतो, पण गोळी लागून पायाने कायमचा अधू होतो.

तीन वर्षांनी हो तुरुंगातून सुटतो, तेव्हा शिंग टोळीचा मालक झालेला असतो. मार्क गाड्या पुसतो आणि गॅरेजात बसून डब्यातला भात खातो. हो टॅक्सीच्या धंद्यात सरळ जगू पाहतो. पण किट त्याला भाऊ मानायला तयार नाही.

चिनी परंपरेत ‘यी’ नावाचं एक मूल्य आहे. जोडलेल्या नात्याला जागणं, असा त्याचा अर्थ. आपला ‘इमान’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. प्राचीन सेनापती क्वान यू हे या मूल्याचं दैवत. हाँगकाँगमध्ये पोलीसही त्याला पुजतात आणि गुन्हेगारी टोळ्याही. जॉन वू उमेदवारीच्या काळात चांग चे या दिग्दर्शकाच्या हाताखाली होते. चांग चे यांच्या तलवारबाजीच्या चित्रपटांतलं हे इमान त्यांनी आधुनिक शहरात आणलं आणि तलवारीच्या जागी पिस्तूल दिलं. मार्क झालेल्या चाऊ युन-फॅटचा लांब कोट आणि काळा चष्मा तिथल्या तरुणांनी उचलला. त्याचा लंगडा पाय मात्र कुणी उचलला नाही!

ही कथा आपल्याला परकी नाही. १९७५ च्या ‘दीवार’वरून हाँगकाँगमध्ये १९७९ साली ‘द ब्रदर्स’ निघाला होता. पुढे ‘अ बेटर टुमॉरो’च्या आधारे १९९४ मध्ये आपल्याकडे ‘आतिश’ आला.

शेवटच्या चकमकीत मार्कला बोटीतून निसटता आलं असतं. तो मागे फिरतो आणि किटला भावाचं मोल सांगतानाच मारला जातो. शिंग म्हणतो, मी शरण जाईन आणि पैशाच्या जोरावर सुटेन. तेव्हा किट आपल्या हातांनी भावाला पिस्तूल देतो. हो गोळी झाडतो.

पोलिसानेच सूडाला शस्त्र पुरवावं, हे मनाला खुपतं. कायद्यावरचा विश्वास उडाला की इमानाचा सूड व्हायला वेळ लागत नाही. पण होला हे देणं कळतं. तो किटची बेडी घेतो, एक कडी स्वतःच्या मनगटात घालतो आणि दुसरी किटच्या. भाऊ म्हणवून घ्यायला तयार नसलेला किट आता हात सोडवून घेत नाही.