गंभीर दुखापत आणि रक्तातील लॅक्टेट

रक्तातील लॅक्टेट हा गंभीर जखमी रुग्णाच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्यासाठी वापरला जाणारा एक जैवसूचक आहे. शरीरातील एखाद्या प्रक्रियेची किंवा बिघाडाची खूण म्हणून जो घटक मोजता येतो, त्यास जैवसूचक म्हणतात. अपघातानंतर ऊतींना प्राणवायू कितपत अपुरा पडत आहे, याचा अंदाज लॅक्टेटच्या प्रमाणावरून येतो.

गरज

मोठ्या रक्तस्रावातही रक्तदाब लगेच उतरतोच असे नाही. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाची गती वाढते आणि रक्तदाब काही काळ टिकून राहतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते; त्यापैकी सुमारे ३० टक्के, म्हणजे दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब जवळजवळ सामान्य राहू शकतो. वरवर स्थिर दिसणाऱ्या अशा रुग्णातील छुपा धोका ओळखण्यासाठी रक्ततपासणी उपयोगी पडते.

कार्यपद्धती

पेशी ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवतात, तेव्हा पायरुवेट तयार होते. प्राणवायू पुरेसा असल्यास त्याचे पुढे संपूर्ण ज्वलन होते. तो अपुरा असल्यास पायरुवेटचे लॅक्टेटमध्ये रूपांतर होते. लॅक्टेटचा निचरा मुख्यतः यकृत व काही प्रमाणात मूत्रपिंडे करतात. विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी व्यक्तीच्या रक्तात ते साधारणपणे प्रति लिटर २ मिलिमोलपेक्षा कमी असते. जखमी रुग्णात ४ मिलिमोलपेक्षा अधिक प्रमाण गंभीर मानले जाते.

इतिहास

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेम शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. 'दुग्धाम्ल' हे त्याचे मराठी नाव त्यावरूनच आले. १९६४ मध्ये ब्रोडर आणि वाइल यांनी आघातावस्थेतील (शॉक) रुग्णांमध्ये वाढलेले लॅक्टेट व मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. १९९३ मध्ये अमेरिकेत अनेक दुखापती झालेल्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या २७ रुग्णांचे लॅक्टेट २४ तासांत सामान्य झाले, ते सर्व वाचले. ज्या २२ रुग्णांचे लॅक्टेट ४८ तासांनंतरही उतरले नाही, त्यांपैकी केवळ ३ वाचले. त्यामुळे एकाच मोजणीपेक्षा ठरावीक अंतराने केलेल्या मोजण्यांतील चढउतार अधिक बोलका ठरतो, हे स्पष्ट झाले.

इतर जैवसूचक

रक्तातील आम्ल-अल्क समतोलाचा बिघाड आणि रक्त गोठण्याची क्षमता यांचीही तपासणी केली जाते. २००३ मध्ये लंडनमधील एका अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश जखमींमध्ये रुग्णालयात पोहोचतानाच रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली आढळली; अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक होते. मेंदूच्या दुखापतीत 'जीएफएपी' आणि 'यूसीएच-एल१' ही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांच्या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. डोक्याच्या सौम्य दुखापतीत सीटी स्कॅन आवश्यक आहे का, हे ठरविण्यासाठी तिचा उपयोग होतो. 'एस१००बी' हे प्रथिन मात्र मेंदूप्रमाणेच चरबी व कूर्चेतही असल्याने केवळ हाडे मोडली असतानाही वाढू शकते.

मर्यादा

लॅक्टेट वाढण्याची इतरही कारणे आहेत. मद्यपान, आकडी, यकृताचे विकार तसेच दुखापतीच्या ताणामुळे वाढलेले ॲड्रेनलिन यांमुळेही ते वाढते. नमुना घेतल्यावर तपासणीस विलंब झाल्यास रक्तपेशी नळीतही लॅक्टेट तयार करीत राहतात व आकडा फुगतो. म्हणून वय, दुखापतीचे स्वरूप, शुद्धीची पातळी आणि रक्तदाब यांच्यासह त्याचा अर्थ लावावा लागतो.

अशा अभ्यासांतून मिळणारी शक्यता ही रुग्णांच्या समूहाविषयी असते. ४८ तासांनंतरही लॅक्टेट न उतरलेल्यांपैकी तिघे वाचले होते. त्यामुळे वाढलेला आकडा हा उपचार थांबविण्याचा आधार ठरत नाही. लॅक्टेट न उतरणे ही रक्तस्राव कोठे सुरू आहे का, रक्त व द्रव पुरेसे दिले गेले आहेत का, हे तातडीने पुन्हा तपासण्याची सूचना असते.