‘गिव्ह अप’ : किल्ले दिले, हिंमत सोडली नाही



‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. हे दोन्ही शब्द तुम्हाला लहान वर्गापासून ठाऊक आहेत. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ का होत नाही? हा प्रश्न वर्गात नेहमी येतो आणि तो अगदी योग्य आहे. इंग्रजीत एखाद्या क्रियापदाला अप, ऑफ, इन, आऊट असा छोटा शब्द जोडला की पुष्कळदा त्याचा अर्थच बदलतो. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात.

घाबरू नका. ही गंमत आपल्या मराठीतही आहे. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे. पण आई “दूध पिऊन टाक” म्हणते तेव्हा आपण पेला फेकत नाही. “जाऊ दे, सोडून दे” असे आजी म्हणते तेव्हा कोणी कोणाला काही देत नाही. ‘टाक’ आणि ‘दे’ हे शब्द तिथे काम पूर्ण झाल्याचे सांगतात. “ड्रिंक अप युवर मिल्क” या वाक्यात ‘अप’ नेमके तेच सांगतो : सगळे पिऊन टाक. ‘गिव्ह अप’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘सोडून देणे’ हाच आहे. आता त्याचे रोजचे उपयोग पाहू.

१) सवय सोडणे. “माय अंकल गेव्ह अप खर्रा.” म्हणजे काकांनी खर्रा सोडला. पुढे क्रियापद आले तर त्याला ‘आयएनजी’ लावावा लागतो. “ही गेव्ह अप स्मोकिंग” हे बरोबर. याच अर्थाने “ही गेव्ह अप टू स्मोक” लिहिले तर गुण जातात.

२) आपल्याजवळचे दुसऱ्यासाठी सोडणे. सौंसरच्या बसमध्ये म्हातारी आजी चढली आणि तुम्ही उठलात, तर “आय गेव्ह अप माय सीट.” २०१५ साली केंद्र सरकारने गॅसच्या सबसिडीसाठी ‘गिव्ह इट अप’ ही मोहीम सुरू केली. ज्यांना परवडते त्यांनी सबसिडी सोडावी, असे आवाहन होते. एप्रिल २०१६ पर्यंत सुमारे १ कोटी ग्राहकांनी ती सोडली. या नावात व्याकरणाचा एक नियमही आहे. इट, देम, हिम असे सर्वनाम असेल तर ते मध्येच येते : ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ चूक आहे. नाम मात्र मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालते.

३) हार मानणे. मैत्रिणीने कोडे घातले, उत्तर काही सुचत नाही, तेव्हा “आय गिव्ह अप!” म्हणजे “हरले बाई, तूच सांग.”

४) शरण जाणे. “द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप.” चोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला.

५) एखाद्याची आशा सोडणे. यात ‘ऑन’ जोडतात. “हिज टीचर डिड नॉट गिव्ह अप ऑन हिम.” म्हणजे हा मुलगा शिकेल, ही आशा बाईंनी सोडली नाही.

इतक्या अर्थांतून नेमका कोणता घ्यायचा? एक सोपी खूण सांगतो. ‘गिव्ह अप’चे कर्म शोधा. काय सोडले, हे वाक्यात सांगितले असेल तर अर्थ सोडणे किंवा देऊन टाकणे. काहीच सांगितले नसेल तर बहुधा हार मानणे.

आपल्या इतिहासातले उदाहरण घ्या. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाबरोबर पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, १२ स्वतःकडे राहिले. पुढे फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन कोंढाणा परत मिळवला. त्याच वर्षी पुरंदरही स्वराज्यात आला. हे सगळे इंग्रजीत एका वाक्यात मावते : “शिवाजी महाराज गेव्ह अप ट्वेंटी-थ्री फोर्ट्स, बट ही डिड नॉट गिव्ह अप.” पहिल्या ‘गिव्ह अप’ला कर्म आहे : किल्ले. दुसऱ्याला नाही, म्हणून तिथे अर्थ हार मानणे. महाराजांनी किल्ले दिले, पण हार मानली नाही.

आता दोन शब्द पालक आणि विश्वस्त मंडळींसाठी. “इंग्रजी पक्की व्हावी म्हणून घरी मराठी बंद करावी का?” असे पालक विचारतात. वरची उदाहरणे पुन्हा पाहा. ‘पिऊन टाक’, ‘सोडून दे’ हे ज्या मुलाच्या कानावर रोज पडते, त्याला ‘ड्रिंक अप’ आणि ‘गिव्ह अप’ समजावणे सोपे जाते. घरची भाषा इंग्रजीच्या वाटेतला दगड नाही, ती पायरी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा मिळून आपला वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. कामकाजाची भाषा हिंदी असली तरी इथल्या घरांनी मराठी सोडली नाही. दोन भाषा सांभाळणाऱ्या मुलांना तिसरी जड जाऊ नये. मुलांनी हिंदी शिकावी, इंग्रजीही उत्तम शिकावी; त्यासाठी मराठी ‘गिव्ह अप’ करण्याची गरज नाही.

स्वाध्याय : पुढील वाक्ये इंग्रजीत करा आणि प्रत्येकात कर्म आहे की नाही ते लिहा.
१. बाबांनी चहा सोडला.
२. गणित कठीण होते, पण तिने हार मानली नाही.
३. ही तुझी जागा नाही, ती सोड. (‘इट’ वापरा.)
४. आमच्यावरची आशा सोडू नका.

वह्या बाईंना किंवा सरांना जरूर दाखवा. पहिल्यांदा चुकले तरी चालेल. फक्त, डोन्ट गिव्ह अप!