बॉबी गाडी, डोंगराचा उतार आणि तीन संस्कार

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मोटारसायकल कशाला? तर त्याचं कारण असं. वैशेषिकांनी 'संस्कार' नावाचा एक गुण मानला आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी केलाय त्यांना ही यादी पाठ असेल. पाठ असते, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. जुनी बुटकी मोटारसायकल उभ्या चढावर घातली, की तिन्ही संस्कार एकदम कामाला लागलेले दिसतात.

गाडी कोणती, ते आधी सांगतो. 1973 सालच्या 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूर जी चालवतो, ती एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस 175. लोकांनी तिचं नावच 'बॉबी' करून टाकलं. इंजिन मोठ्या राजदूतचंच, टू-स्ट्रोक. चाकं मात्र लहान. जपानात होंडाने 1961 साली एका करमणूक बागेसाठी अशीच चिमुकली गाडी केली होती, तिच्यातूनच पुढे 'मंकी' आली. बॉबी काही डोंगरासाठी घडवलेली नाही. पण हौसेला मोल नसतं. जुनी बॉबी शोधायची, इंजिन उघडून नीट करायचं आणि मग तिला कच्च्या वाटेवर काढायचं, हा छंद असलेली मंडळी आहेत.

एक मात्र इथेच सांगून टाकू. आपल्या उपनगरांत डोंगर म्हटलं की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचं राष्ट्रीय उद्यान आठवतं. तिथल्या पायवाटा मोटारसायकलसाठी नाहीत, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. माथेरानला जाल तर गाडी दस्तुरी नाक्यालाच ठेवावी लागते. तेव्हा जिथे जमीनमालकाची परवानगी आहे अशाच वाटेबद्दल आपण बोलतोय.

आता वेग. गाडी आणि माणूस मिळून 180 किलो धरा. चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ घ्या. त्यावर गाडीला मागे ओढणारा जोर होतो सुमारे 44 किलोचा. ताशी 10 किलोमीटरने चढायला दोन अश्वशक्तीही लागत नाही. म्हणजे ताकद कमी पडते हा गैरसमज आहे. अडतं ते मध्येच वेग तुटल्यावर. पुन्हा निघताना मागचं चाक खडीवर फिरतं, नाहीतर पुढचं चाक उचलतं, कारण गाडी आखूड. म्हणून उभं राहून अंग पुढे झुकवायचं आणि थांबायचं नाही. इंजिन बंद पडलंच, तर गिअर तसाच ठेवून क्लच सोडून द्यावा. इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नये. चढावर भार मागे असतो, पुढचं चाक ब्रेक लावूनही घसरतं.

स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की मूळ जागी येते, तो गुण. गाडीत तो स्प्रिंगांचा. पन्नास वर्षांच्या स्प्रिंगा दबून मऊ पडलेल्या असतात, आणि लहान चाकाला त्यांची गरज जास्त. वीतभर त्रिज्येचं चाक दहा सेंटिमीटरच्या दगडावर हळूच चढवायला, दीड वीत त्रिज्येच्या चाकाच्या दीडपट जोर लावावा लागतो. मोठं चाक ज्या धोंड्यावरून जातं, त्याच धोंड्याला लहान चाक अडतं. असो.

खरी गोष्ट भावनेची. इथे भावना म्हणजे भावुकपणा नव्हे. अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा. प्रशस्तपादांच्या मते तो तीव्र अनुभवाने, अभ्यासाने किंवा आस्थेने पक्का होतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने 1958 साली सायकलचं उदाहरण देऊन म्हटलं, की तोल कसा सांभाळतो हे स्वाराला सांगता येत नाही, तरी तो सांभाळतो. हे मान्यच. पण त्यावरून काही जण असं धरतात, की अंगवळणी पडलेलं ज्ञान बोलून दाखवायची गरजच नाही. आम्हाला हे पटत नाही, आणि बॉबीचा उतार हेच त्याचं उत्तर आहे.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीवर शिकलेला माणूस उतारावर काय करतो? अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, गिअर तसाच ठेवतो, इंजिन गाडीला आवरतं. तिथे हे अगदी बरोबर आहे, कारण त्या इंजिनाचं ऑइल वेगळं फिरत असतं. बॉबीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ थांबतं, त्याच्याबरोबर ऑइलही. चाकं मात्र इंजिन गरगरा फिरवत राहतात. लांबलचक उतारावर पिस्टन कोरडा पडून तापतो आणि सिलिंडरला धरतो. मेकॅनिक म्हणतात, 'इंजिन सीझ झालं'. मागचं चाक जागच्या जागी अडकतं, तेही उतारावर!

गंमत बघा, छोट्या उताराला काहीच होत नाही. म्हणून चुकीचा संस्कार शाबूत राहतो, उलट प्रत्येक वेळी थोडा पक्काच होतो. पोटात वळवळ होऊन अंगच सावध करील म्हणाल, तर तसं होत नाही. इथे कुणीतरी तोंडाने सांगावंच लागतं. घाटात टू-स्ट्रोक चालवणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं: उतरताना मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर जरासा द्यायचा, किंवा क्लच दाबून इंजिन मंद चालू ठेवायचं आणि ब्रेकवर उतरायचं. ड्रम ब्रेक तापतात, म्हणून वाटेत थांबायचंही. ती माणसं आता थोडी उरली. गाडी विकत मिळते, तिच्याबरोबर हे मिळत नाही.

म्हणून बॉबी घेतलेल्यांनी एक करावं. सपाट मैदानावर, कमी वेगात, डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर ठेवून चालवावं. सोबत्याने मागून ओरडायचं, 'सीझ!', की क्षणात क्लच आत. शंभरदा करावं. बोटं विचार न करता मिटायला लागली, की मग उतार.