बाळंतिणीची अक्कल जात नाही

"बाळंतीण झाली आणि हिची अक्कलच गेली," असे घराघरांतून सहज बोलले जाते. दूध उतू जाते, किल्ली सापडत नाही, आणि बिचारी सूनबाई मुकाट्याने ऐकून घेते. माता-भगिनींनो, शास्त्र काय सांगते तेही ऐका.

2010 साली अमेरिकेतील पिलयंग किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 19 बाळंतिणींच्या मेंदूचे एमआरआय काढले. एकदा बाळ दोन ते चार आठवड्यांचे असताना, पुन्हा ते तीन-चार महिन्यांचे झाल्यावर. तेवढ्या अवधीत मेंदूतील करडा भाग काही ठिकाणी वाढला होता. ज्या आया बाळाविषयी अधिक कौतुकाने बोलल्या, त्यांच्यात वाढ अधिक दिसली.

2016 साली बार्सिलोनाहून आलेली बातमी मात्र उलटी वाटली. पहिलटकरणींचा मेंदू गर्भारपणाआधी व बाळंतपणानंतर तपासला, तर करडा भाग घटलेला, आणि तोही दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या जागी! दोन वर्षांनीही हा फरक टिकून होता. मुलांच्या बापांमध्ये असे काही आढळले नाही. परंतु या आयांची स्मरणशक्ती तपासली, ती काही घटलेली नव्हती. वयात येतानाही मेंदूत अशीच छाटणी होते. झाड छाटले म्हणून कोणी माळ्याला नावे ठेवतो काय?

मग खरे काय, वाढ की घट? 2024 साली याचा उलगडा बराचसा झाला. एका महिला शास्त्रज्ञाने गर्भ राहण्याआधीपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत स्वतःच्या मेंदूची 26 वेळा तपासणी करवून घेतली. गर्भारपणात घट, बाळंतपणानंतर थोडी भरपाई, असा तो क्रम निघाला. अर्थात ही एकाच बाईची हकिगत.

या बदलाच्या काळातच काही जणींचे मन खचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत शंभरात सुमारे 20 बाळंतिणींना मानसिक त्रास होतो, त्यात उदासीनता मुख्य. आणि आपल्याकडे अजूनही कोणी दृष्ट काढतो, कोणी अंगारा लावतो, कोणी "नाटके करते" म्हणून मोकळा होतो. याची आम्हांला चीड येते. 1987 सालापासून एडिनबरोची दहा प्रश्नांची साधी चाचणी उपलब्ध आहे. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले का, असे त्यातले प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला "हो" आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.